एक प्रत घराबाहेर

सोमवार, ३ तारीख

मौनव्रती बंधुराज मुंगळेश्वर यांस,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. निदान माणसांपैकी कुणी नाही.

फोनवर तू "हॅलो" म्हणतोस आणि माझा नुसता श्वास ओळखून फोन ठेवतोस. कान अजून तिखट आहेत, याचा आनंद मानून मी पोस्टाला शरण आले आहे.

आधी काम सांगते. तू प्रयोगशाळा सोडून गेलास त्यानंतर महिनाभरात मी तुला एक जाड खाकी पाकीट पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. तू कागद फेकणाऱ्यांतला नव्हेस. बसचं तिकीटसुद्धा वहीत दाबून ठेवायचास. म्हणून धरून चालते की ते कुठेतरी आहे. आतल्या पत्राच्या घडीत एक टिपकागद आहे, त्यावर पेन्सिलीनं केलेला गोल आहे. गोलात काहीच दिसणार नाही. तिथे भस्म्या झोपला आहे. तो टिपकागद नव्या पाकिटात घालून मला पाठव. एवढंच.

आणि हो, सोबतचं पत्र वाचू नकोस. ते शिळं झालंय, शिळं बाधतं.

तुला वाटेल, हिच्याकडे भस्म्याच्या शेकड्यानं नळ्या असताना हिला माझ्याकडचा सात वर्षांचा वाळका ठिपका कशाला? तर काडाची साखर करणारी आपली टाकी जरा आजारी आहे. चौदा दिवस झाले, गव्हाचं काड आत जातं आणि गव्हाचं काडच बाहेर येतं, फक्त भिजलेलं. साखर नाही. साहेबांनी परवा झाकणातून डोकावून विचारलं, "बाई, ही टाकी आहे की गुरांचा हौद?" मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

भस्म्याला नाव तूच दिलंस. पुठ्ठ्याच्या गोदामामागे भिजून लगदा झालेल्या गठ्ठ्यापाशी तू तासभर उकिडवा बसला होतास. मी चिडून म्हटलं, "ऊठ, लोक बघतायत." तू म्हणालास, "ताई, पुठ्ठ्याला मुंग्या कशा लागतील? यात साखर कुणी केली?" बाबांनी तुला मुंगळा म्हणायला सुरुवात केली ती तू मुंग्यांच्या रांगांमागे शाळा बुडवायचास म्हणून. त्याच मुंग्यांनी तुला या जिवाणूपाशी नेलं. मी त्या दिवशी फक्त चपला सांभाळत उभी होते.

टिपकागद पाठव. बाकी क्षेम.

तुझी (दुसऱ्या कुणाची असणार?) ताई


शनिवार, ८ तारीख

चिरंजीव मुंगळ्यास,

तुझं न आलेलं पत्र पोचलं. मजकूर नेहमीसारखाच आटोपशीर.

"जरा आजारी" असं मी लिहिलं होतं. ते खोडते. भस्म्या संपला आहे.

नळ्यांत आहे तो त्याच्या रूपाचा, त्याच्या वासाचा, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तोच. पण काड कापत नाही. मी तुझीच जुनी परीक्षा घेतली. क्षारांचं पाणी, त्यात अर्धी बुडालेली गाळणकागदाची एक पट्टी, खायला दुसरं काही नाही. तुझ्या वेळी सहाव्या दिवशी पट्टी पाण्याच्या रेषेवर तुटायची आणि तू साऱ्या प्रयोगशाळेला चहा पाजायचास. मी चाळीस नळ्या लावल्या. चाळीसच्या चाळीस पट्ट्या ताठ उभ्या आहेत, शाळेत प्रार्थनेला उभ्या मुलींसारख्या. भांडी धुणाऱ्या मावशी रोज येऊन बघतात आणि म्हणतात, "एक तरी वाकली का हो, बाई?" मग स्वतःच "नाही ना" म्हणून जातात.

शीतकपाटातल्या प्रतीही पाहिल्या. त्याही ह्याच वंशातल्या, तशाच आळशी. तू वाळक्या मातीत भस्म्या झोपवून ठेवलेल्या पाच नळ्या होत्या. त्या एकेक करून मी वापरल्या. शेवटची दोन वर्षांपूर्वी. नव्या केल्या नाहीत, कारण त्याला तुझ्यासारखा वेळ लागतो, आणि माझ्याकडे नेहमी घाई असायची.

म्हणजे या जगात खरा भस्म्या आता एकाच ठिकाणी आहे, तुझ्या घरातल्या एका खाकी पाकिटात. आणि तोही तुझ्याच नियमामुळे. कोणताही जीव सापडला की त्याची एक प्रत घराबाहेर असावी, असं तू म्हणायचास. घर जळलं तरी वंश राहील. मी तुला "वंशाचा दिवा विझला तर काडेपेटी शेजाऱ्याकडे" म्हणून चिडवायचे.

समिती गुरुवारी, २७ तारखेला येते आहे. तोवर काडाची साखर झाली नाही तर टाकी उतरवणार आणि भस्म्याचं काम कायमचं बंद. जागा औषधाच्या बाटल्या ठेवायला हवी आहे म्हणे. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं आपण ह्या किड्याला जेवू घातलं." मी म्हटलं, "साहेब, किडा नव्हे, जिवाणू." ते म्हणाले, "जेवत नसेल तर दोन्ही सारखेच."

कारण शोधताना तुझी जुनी वही काढली. मार्चमधल्या एका पानावर कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: "ताई, यांना तयार साखर देऊ नकोस. आयतं खायची सवय लागेल. कापणारे मागे पडतील, खाणारे उरतील." खाली माझी सही. "पाहिले."

आपल्याकडे रोज तीस पानांवर "पाहिले" लिहावं लागतं, तुला माहीत आहे. मी न वाचताच सही केली असणार.

पाकीट शोध रे. कपाटाच्या वर बघ, तू महत्त्वाचं सगळं वर ठेवतोस.

ताई


शुक्रवार, १४ तारीख

धाकट्या,

काल तुझ्या घरी फोन केला. तुझ्या बायकोनं उचलला. बरी बोलली, माझी लायकी आहे त्याहून बरी.

"ताई, ते बोलणार नाहीत."

"माझी पत्रं पोचली का?"

"टेबलावर आहेत."

"उघडली का त्यानं?"

"ते मी सांगू नये अशी शपथ घातलीय मला." मग म्हणाली, "पण ताई, तुम्ही लिहीत राहा."

बहिणीच्या जातीला एवढा इशारा पुरतो. लिहितेय.

आणि एक सांगायचं होतं, सांगू की नको ते कळेना. बुधवारी मी तुझ्या गावी आले होते. पहाटेची बस, सहा तास, शेजारी एक गृहस्थ खांद्यावर डोकं ठेवून झोपलेले. तुझं पुस्तकबांधणीचं दुकान विचारत विचारत आले. समोरच्या फुटपाथवर, चाव्या करणाऱ्याच्या टपरीआड उभी राहिले. पुठ्ठा खाणारा जीव शोधून काढलेला माणूस आता पुठ्ठ्यांना खळ लावून त्यांना दीर्घायुष्य देतो, हे पाहून बाबा खूश झाले असते. तुझे केस कानाशी पांढरे झालेत. चष्मा नाकाच्या टोकावर आहे, अगदी बाबांसारखा. एक म्हातारे गृहस्थ कसलंसं जाड पुस्तक घेऊन आले होते, "वाळवीनं अर्धं खाल्लंय हो." तू पानं उलटून म्हणालास, "आजोबा, अर्धं सोडलंय म्हणजे तिलाही पुढचं कंटाळवाणं वाटलं." ते खो खो हसले. मीही टपरीआड हसले. चावीवाल्यानं विचारलं, "बाई, कुलूप कुठंय?" मी म्हटलं, "समोर." त्याला काही कळलं नाही.

रस्ता ओलांडता आला नाही. गाडी नव्हती, सायकल नव्हती, रस्ता रिकामा होता. तरी नाही आला. परतीची बस धरली.

कारण आत येऊन पाकीट मागितलं असतं, तर तू ते माझ्यासमोर उघडलं असतंस. आणि त्यातलं पत्र वाचताना तुझा चेहरा मला पाहावा लागला असता. "शिळं झालंय" म्हणून मी ते टाळलं. शिळं नाही, नासकं आहे ते. एव्हाना तू ते उघडलं असशील तर पुढचं तुला ठाऊकच आहे. नसेल उघडलं तर माझ्याकडूनच ऐक.

सात वर्षांपूर्वी टाकी अशीच बंद पडली होती. मी अहवाल लिहिला: "नळ्यांची निगा राखण्यात हयगय, त्यामुळे बाहेरच्या जिवाणूंचा शिरकाव." नळ्यांची निगा तुझ्याकडे होती. तुझं नाव लिहायची गरजच पडली नाही. तू वाद घातला नाहीस. टेबलावरचा तुझा कप धुतलास, पुसलास आणि घेऊन गेलास.

त्या खाकी पाकिटातल्या पत्रात मी लिहिलंय की चूक आपलीच होती असं एका ओळीत लिहून दे, सही कर, म्हणजे सहा महिन्यांनी खालच्या जागेवर तुला परत घेववते. वर उपदेशाचे दोन परिच्छेद आहेत. टिपकागद आत घातला तो नियम म्हणून नव्हे. भस्म्याच्या ओढीनं तू पाकीट उघडशील, म्हणून. गळाला लावायला मी तुझाच जीव वापरला.

आता तोच गळ माझ्या घशात आहे.

ताई


मंगळवार, १८ तारीख

धाकट्या,

हे थोडक्यात लिहिते, नाहीतर विनोद सुचतील.

"पाहिले" ही सही मी न वाचता केली नव्हती. वाचली होती तुझी टीप. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचूनही दाखवली होती: "आमच्या बंधूंच्या मते जिवाणूंनाही आयतं खाल्ल्यानं आळस चढतो! यांना आता शिस्तीचे धडे द्या." सगळे हसले. तूही हसलास, ते मला आजवर पुरलं.

पण एवढंच असतं तर मूर्खपणा म्हणून सोडून देता आलं असतं.

तू गेल्यावर मी तुझ्या मातीच्या नळीतून भस्म्या पुन्हा उठवला आणि टाकी आठवड्यात ठणठणीत झाली. काड आत, साखर बाहेर. बाहेरच्या जिवाणूंचा शिरकाव असता तर टाकी, नळ्या सगळं बदलावं लागलं असतं. मी काहीच बदललं नव्हतं, फक्त मूळ वंश आणला होता. तेव्हाच कळलं की तू म्हणत होतास तेच खरं. मी साखर खायला घालत होते, कारण साखरेवर तो चोवीस तासांत वाढतो आणि काडावर चार दिवस घेतो. भस्म्या आपली कात्री अंगाबाहेर टाकतो. एक कात्री काडातली साखरेची लांब साखळी मधेच तोडते, दुसरी टोकाकडून जोड्या सोडवते, तिसरी जोडीतली साखर सुटी करते. इतकी मेहनत. आयती साखर पुढ्यात असेल तर ही मेहनत करणारा मागे पडतो आणि न करणारा भराभर वाढतो. शंभर पिढ्यांत नुसते खाणारे उरतात. तुझ्या एका ओळीत हे सगळं होतं.

हे कळल्यावर मी साखर बंद करायला हवी होती.

नाही केली. कारण पद्धत बदलली असती तर कुणीतरी विचारलं असतं, का बदलली? मग तुझी टीप निघाली असती, माझी सही निघाली असती, अहवाल निघाला असता. खोटं टिकवायचं तर चूक चालू ठेवणं भाग होतं. म्हणून सात वर्षं मी त्याला साखर चारली. वंश मंदावला की तुझी एक नळी फोडायची, पुन्हा साखर. पाच नळ्या मी अशा खाल्ल्या. या वेळी नळी उरली नाही, आणि दोष द्यायला तूही नव्हतास.

भस्म्याला मी मारलं. समजून उमजून.

पाकीट पाठव किंवा पाठवू नकोस. मागायचा हक्क मला नाही, हे लिहितानाही मी मागतेच आहे. तो जीव तुझा आहे. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस, एवढंच.


सोमवार, २४ तारीख

मुंगळ्या,

पाकीट मिळालं.

मावशींनी आणून दिलं, ओले हात पदराला पुसत. "बाई, तुमच्याच अक्षरातलं पत्र तुम्हालाच आलंय हो!" नव्या पाकिटात जुनं पाकीट. जुन्याचा डिंक तसाच होता. चिकटपट्टी तशीच, कडा मळलेल्या. सात वर्षांत तू ते उघडलंच नव्हतंस.

मागच्या बाजूला तुझं पेन्सिलीतलं अक्षर:

"ताई, मी हे उघडलं नव्हतं. आत काय आहे ते तुझ्या पत्रांतूनच कळलं. गोल तूच काप. दहा मिनिटं गरम पाणी, विसरू नकोस. साखर नको."

मी खुर्चीत बसून राहिले. म्हणजे गप्प राहिले असते तर तुला कधीच कळलं नसतं. गळ, उपदेश, ती एका ओळीची सही, सगळं त्या डिंकाखाली राहिलं असतं. स्वतःच्या हातानं मी ते तुला पोस्टानं पाठवलं, तिकीट लावून. बाबा म्हणायचे, आपली मोठी मुलगी हुशार आहे. बाबा मराठीचे मास्तर, त्यांना समासांपलीकडची परीक्षा घेता येत नसे.

मग पाकीट फोडलं. माझंच पत्र मी पहिल्यांदा वाचलं, म्हणजे तुझ्या जागी बसून वाचलं. पूर्ण वाचवेना. "तुझ्या भल्यासाठी" या शब्दांपर्यंत गेले आणि घडी घातली.

टिपकागद कोरडा होता. गोल जरा पुसट. आपल्या जेवणाच्या पानावरच सात वर्षं झोपलाय बिचारा, पाण्याच्या एका थेंबाची वाट पाहत. मावशींना कातरीखाली बशी धरायला सांगितली. गोलाचे दोन तुकडे केले. झोप मोडायला दहा मिनिटं गरम पाणी, घड्याळ लावून. मग दोन नळ्या, प्रत्येकीत क्षारांचं पाणी आणि एक पट्टी. उबवणपेटीत ठेवल्या.

आज सोमवार. पट्टी तुटलीच तर सहाव्या दिवशी. समिती चौथ्या दिवशी येते.

वेळ पुरत नाही रे. मी बोटांवर मोजलं, मग वहीत, मग पुन्हा बोटांवर.


शुक्रवार, २८ तारीख

मुंगळ्या,

काल सकाळी दोन्ही पट्ट्या ताठ होत्या. पाणी किंचित गढूळ वाटलं, पण बघणारीचे डोळे गढूळ असतील तर कशाचा भरवसा धरायचा?

समितीत पाच माणसं. साहेबांनी मला आधी बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पंपाचा बिघाड म्हणा. पंप जुना आहे, कुणाला वाईट वाटणार नाही." खरंच चांगला रस्ता होता. पंपाला भाऊ नसतो, पंप सात वर्षं रुसत नाही.

मी उभी राहिले आणि तुझी वही टेबलावर उघडून ठेवली. मार्चचं पान. "पाहिले"च्या खाली त्या दिवशी सकाळीच मी आणखी एक शब्द लिहिला होता, तारीख घालून: "मान्य." मग सात वर्षांपूर्वीचा अहवाल ठेवला आणि म्हटलं, हा खोटा आहे, हा मी लिहिला. हा जिवाणू माझ्या भावानं शोधला, तो कसा जपायचा हे त्यानं सांगितलं, आणि मी त्याला घालवलं. दोघांनाही.

पाचही जण वहीवर वाकले.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे आज सांगून तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही. दहा दिवस मिळाले तर बघा. मला नकोत, त्या दोन नळ्यांना द्या."

"आणि पट्टी नाही तुटली तर?"

"तर टाकी घेऊन जा. खरं ते तरीही खरंच राहील."

त्यांनी तासभर खल केला. निकाल असा: टाकीला दहा दिवस. जुना अहवाल रद्द, नोंदवहीत शोधणारा म्हणून तुझं नाव. आणि माझ्याकडच्या चाव्या साहेबांकडे. कालपासून मी प्रयोगशाळेत पाहुणी आहे. साहेब चाव्या घेताना माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "पंप म्हणायचं होतं हो, बाई."

शनिवार-रविवार मला आत जाता येणार नाही. मावशी रविवारी भांडी धुवायला जातात, त्या बघून येतील. त्यांना विचारलं, "काय बघायचं ते कळेल ना?" त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं नळ्या धुतेय. तुटलेलं काय नि धड काय, ते मला तुम्ही शिकवणार?"


रविवार, ३० तारीख

मुंगळ्या,

सकाळपासून फोनशेजारी बसले होते. भाजी चिरायला घेतली आणि चिरलीच नाही. अकराला मावशींचा फोन.

"बाई, एक नळी तशीच हाय. पट्टी उभी."

मी विळी पायानं बाजूला सारली.

"ऐकताय ना? आणि दुसरीतली पट्टी पाण्याशी तुटलीय. खालचा तुकडा बुडाशी पडलाय, कडा अगदी कुरतडल्यासारख्या. मी नळी हलवली नाही, देवाशपथ."

मी त्यांना तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बाई, आता मला भांडी धुवू द्या."

टाकीचं अजून काही खरं नाही. एका नळीतून टाकीएवढा भस्म्या उठवायचा, तोही काडावर, साखरेविना, चार चार दिवस थांबत. ते आता दुसरं कुणीतरी करेल, मला फार तर दारातून बघू देतील. पण जीव आहे. तुझ्याकडे होता म्हणून आहे.

साहेबांना विनवून दुपारी दहा मिनिटं आत गेले. साहेब स्वतः कुलूप उघडायला आले होते, मुंडी वळवून दारात उभे राहिले. भस्म्याला झोप लागायला, म्हणजे बी होऊन टिकायला, अजून काही दिवस जातील, तेव्हा आजच्या थेंबात किती झोपाळू बिया उतरल्या असतील ते मला माहीत नाही. तरी एक थेंब टिपकागदावर घेतला, ज्योतीशेजारी वाळवला. आणखी पिकलेला दुसरा मावशी आठवड्यानं पाठवतील. त्यांच्याकडे पत्ता दिला आहे, माझ्यापेक्षा त्यांच्यावर तुझा विश्वास बसेल.

हे पत्र उघडलंस तर आत वाचू नये असं काही नाही. न उघडता कपाटावर ठेवलंस तरी चालेल, तिथे तो सुरक्षित असतो हे सिद्ध झालं आहे. मी उत्तर मागत नाही, भेट मागत नाही. पुन्हा टपरीआड येऊन उभीही राहणार नाही, चावीवाल्याला फुकट आशा लागते.

घडीत बघ. गोल पेन्सिलीनं केलाय, जरा वाकडा आलाय. एक प्रत घराबाहेर असावी, हा तुझा नियम मी या वेळी नियम म्हणूनच पाळते आहे.

ताई